ढोलाचा कागद

आमच्या क्वार्टरमध्ये भिंतीवर घड्याळ होतं, पण आई त्याच्याकडे फारशी बघत नसे. सकाळी पलीकडच्या मैदानातून क्लॅरिनेटचा लांबलचक सूर आला की ती कणीक तिंबायला घेई. त्या एका सुराला बाकीची वाद्यं आपापला सूर मिळवत, पाचदहा मिनिटं नुसता कलकलाट चाले, आणि त्या कलकलाटात माझी वेणी घातली जाई. ट्रॉम्बोनवाल्यांनी नळी मागेपुढे सरकवायला सुरुवात केली म्हणजे दूध तापलेलं हवं, आणि मोठ्या ढोलाचा पहिला ठोका पडला म्हणजे मी दप्तर घेऊन दारात हवी. सहाव्या-सातव्या वर्षीच मला न बघता सांगता येई, हा ओबो, नाकात बोलणारा. हा बासून, जाड आवाजाचा, सतत कुरकुरणारा. ही बासरी, हा कॉर्नेट, आणि सगळ्यांच्या खालून पसरलेलं ते बाबांचं हॉर्न. छावणीच्या बाहेरचं जयपूर मला त्या मानाने पुष्कळ उशिरा कळलं. आता मी मानसरोवरमध्ये राहते आणि आठवड्यातून चार दिवस मालवीय नगरात मुलांना कीबोर्ड आणि स्टाफ नोटेशन शिकवते. मुलांच्या आया विचारतात, "मॅम, थिअरी जरूरी है क्या?" मी हो म्हणते आणि पुढे काही बोलत नाही, कारण ते का जरुरी आहे हे सांगायला बसले तर मला हे सगळं सांगावं लागेल.

बाबा पलटणीच्या बँडमध्ये हवालदार होते आणि फ्रेंच हॉर्न वाजवत. ज्यांनी ते वाद्य जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. चकलीसारखी गुंडाळलेली पितळी नळी असते, तिच्या एका टोकाला ओठ लावायचे आणि दुसऱ्या टोकाला ताटाएवढं रुंद तोंड. डाव्या हाताची बोटं कळांवर आणि उजवा हात त्या तोंडाच्या आत. हात आत किती सरकवला त्यावर सूर मऊ होतो, दबतो, लांबून आल्यासारखा वाटतो. आई चेष्टेने म्हणे, "तुज्या बापाचा एक हात कायम बरणीत." रविवारी दुपारी बाबा ते वाद्य अंगणात घेऊन बसत, नळ्या सुट्या करून त्यातलं पाणी झटकत, जुन्या बनियनच्या तुकड्याने पितळ घासत, आणि शेजारच्या चुलीवर वांगं भाजत असे. पितळ घासायच्या पॉलिशचा आणि भाजलेल्या वांग्याचा वास माझ्या डोक्यात एकमेकांना इतका चिकटला आहे की आजही भरीत करताना मला ते पॉलिश आठवतं. कोणाला सांगितलं तर नाक मुरडतील, म्हणून सांगत नाही.

मला थिअरी बाबांनीच शिकवली, तीही पाटावर बसवून, पाढे शिकवतात तशी. पाच रेघा म्हणजे पाच पायऱ्या. रेघेवर एक सूर, दोन रेघांमधल्या फटीत एक. उभी रेघ आली की एक बार संपला, आणि आमच्या बहुतेक धुनांत एका बारमध्ये चार मात्रा. पोकळ गोल चार मात्रा धरायचा, त्याला काठी लागली की दोन, गोल काळा भरला की एक, काठीला शेपूट फुटलं की अर्धी. शार्प म्हणजे अर्धी पायरी वर, फ्लॅट म्हणजे अर्धी खाली. इंग्रजी पी दिसला की हळू, दोन पी म्हणजे आई दुपारची आडवी झाली आहे इतकं हळू, आणि एफ म्हणजे खुशाल उठवा तिला. पुढे कळलं की एकाचा कागद दुसऱ्याला चालत नाही. हॉर्नच्या कागदावर जो सूर लिहिलेला असतो तो प्रत्यक्षात वेगळाच वाजतो, क्लॅरिनेटचं तसंच, म्हणून बँडमास्तरच्या मोठ्या कागदावरून प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद हिशेबाने उतरवावा लागतो. सगळ्यात शेवटी त्यांनी रेस्ट शिकवला. एखाद्याला वीस बार गप्प बसायचं असेल तर वीस वेळा खूण करत नाहीत. एक जाड आडवी पट्टी काढतात आणि तिच्या डोक्यावर आकडा लिहितात. "वाजवताना चुकलं तर शेजारचा झाकून घेतो," बाबा म्हणाले. "गप बसताना चुकलं तर झाकायला कोन न्हाई. आकडा नीट लिवायचा."

सगळ्यात जास्त गप्प बसावं लागे ते दत्तूला. दत्तू मोठा ढोल वाजवायचा. वय बावीस-तेवीस, आमच्याच तालुक्यातला, दंडावर लान्स नाईकची एक फीत नुकतीच लागलेली, आणि ती फीत तो दर रविवारी आईला नव्याने दाखवी. लग्न झालं नव्हतं, म्हणून रविवारचं जेवण आमच्याकडे. बाजरीची भाकरी, भरीत, लाल मिरचीचा ठेचा आणि वर कांदा फोडून. इथली बाजरी गावच्यापेक्षा गोड लागते की नाही यावर आईचा आणि त्याचा दर रविवारी वाद व्हायचा. जेवण झालं की तो घमेलं पालथं घाली आणि मला मोजायला शिकवी. बँडवाले रेस्ट कसा मोजतात ते शाळेतल्या मास्तरांनाही ठाऊक नसेल. एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. प्रत्येक बारचा पहिला आकडा बदलत जायचा, म्हणजे मात्राही चुकत नाही आणि कितवा बार चालला आहे तेही विसरत नाही. बोलता बोलता, घास चावता चावता त्याच्या पायाचा अंगठा मोजत असे. मी मुद्दाम मधेच त्याला काहीतरी विचारी, "दत्तूदादा, मतलब तुला बोअर नाही होत?" आणि तो उत्तर देऊन झाल्यावर म्हणे, "सतरा-दोन-तीन-चार." एकदाही चुकला नाही. बाबांना तो उस्ताद म्हणायचा आणि त्यांच्या अक्षराचा त्याला कोण अभिमान! बँडमास्तरची काठी एखादवेळेस विसरेल, उस्तादांचा कागद विसरत नाही, हे वाक्य त्याच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं होतं की मी त्याची नक्कल करून दाखवत असे.

मी नववीत गेले त्या वर्षी बाबांचा उजवा हात थरथरू लागला. आधी फक्त अंगठा, मग अंगठा आणि पहिलं बोट, विडी वळतात तशी हालचाल. गंमत अशी की वाजवताना कोणाला काही कळत नसे, कारण तो हात हॉर्नच्या तोंडात असायचा. सूर किंचित हलायचा इतकंच, आणि ऐकणाऱ्यांना ते आवडायचं. कर्नलसाहेबांच्या मेमसाहेबांनी एकदा खास निरोप पाठवला होता की हॉर्न हल्ली फार भावपूर्ण वाजतं. बाबा तो निरोप सांगताना हसले आणि आईने पदर तोंडाला लावला. सलाम ठोकताना हात ताठ असे, तिथेही निभावलं जाई. पण लिहिताना सगळं उघडं पडे. अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं होई आणि गोल रेघेवर बसायच्या ऐवजी शेजारी जाऊन पडे. निवृत्तीला सव्वा-दीड वर्ष राहिलं होतं. हात दिसला तर डॉक्टरकडे पाठवतील, मेडिकल बोर्ड बसेल, बँडमधून काढतील, क्वार्टर जाईल आणि माझं दहावीचं वर्ष गावाकडे कुठल्यातरी शाळेत जाईल, असं आईने आणि बाबांनी मिळून ठरवून टाकलं होतं. आज वाटतं, फार तर स्टोअरमध्ये बसवून ठेवलं असतं. पण भीतीपुढे कोणाचं काही चालत नाही, आणि आमच्या घरात भीती आई-बाप दोघांच्या मधे जेवायला बसत होती. म्हणून कागद मी उतरवू लागले. बाबांचं अक्षर मला हुबेहूब येई. बाबा खाटेवर उजवा हात मांडीखाली दाबून बसत, मी लिही, ते तपासत आणि कोपऱ्यात कशीबशी आपली सही करत. पाचसहा महिने हे चाललं आणि कोणाला शंका आली नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा माज चढला होता.

त्या हिवाळ्यात पलटणीतल्या गेलेल्या जवानांच्या आठवणीचा कार्यक्रम होता. गावोगावहून त्यांच्या आया, बायका बोलावल्या होत्या. त्यांनी एकेक करून स्मारकाला फुलांचं चक्र वाहायचं आणि बँडने हळू शोकधून वाजवायची. सुरुवातीला फक्त क्लॅरिनेट आणि हॉर्न, मोठा ढोल अठरा बार गप्प. सगळ्याजणी परत जागेवर बसल्या की मग ढोलाचे ठोके आणि सलामी. आठवडाभर सराव झाला. आदल्या दिवशी दुपारी कळलं की आणखी दोघी येणार आहेत, त्यांतली एक बरीच म्हातारी आहे, चालायला वेळ लागेल. बँडमास्तर सुभेदारसाहेबांनी धून दहा बारांनी वाढवली आणि बाबांना सांगितलं, सकाळपर्यंत सगळे कागद नवे करा. आता नेमकी ती संक्रांतीची आदली संध्याकाळ. ज्यांनी जयपूरची संक्रांत पाहिली आहे त्यांना सांगायला नको. आकाश पतंगांनी भरलेलं, प्रत्येक गच्चीवर लाउडस्पीकर, आणि दर मिनिटाला कुठूनतरी "वो काटा!" माझ्या मैत्रिणी गच्चीवर होत्या आणि मी मोरीशेजारच्या खोलीत सतरा-अठरा कागद उतरवत बसले होते. क्लॅरिनेटचे नीट केले, हॉर्नचे नीट केले. ढोलाचा शेवटी ठेवला होता, कारण त्यात लिहायला असतंच काय? एक पट्टी, वर आकडा, आणि शेवटी चार ओळी ठोके. उजेड जात चालला होता. मी तो कागद उभ्यानेच लिहिला आणि बाबांपुढे गठ्ठा टाकून पळाले. बाबांचा हात त्या दिवशी फार वाईट होता. त्यांनी वरचे चारपाच कागद पाहिले आणि बाकीच्यांवर नुसती सही केली.

सकाळी सराव झाला नाही, कारण बाया आधीपासूनच स्मारकापाशी येऊन बसल्या होत्या. सुभेदारसाहेबांनी एवढंच सांगितलं की धून बदलली आहे, नवीन कागद बघून वाजवा. आम्ही फॅमिलीवाले दोरीच्या मागे उभे होतो. थंडी अशी की वाद्यांतून वाफ निघत होती. क्लॅरिनेट सुरू झालं, खालून बाबांचं हॉर्न आलं, आणि एकेक बाई पुढे जाऊ लागली. मी सवयीने मनात मोजत होते. ती म्हातारी शेवटची होती. नऊवारी, पायात मुलाचे असावेत तसले कापडी बूट, दोन्ही हातांत चक्र धरलेलं. ती अर्ध्या वाटेवर होती. माझं अठरा-दोन-तीन-चार झालं आणि ढोल वाजला. पूर्ण जोराने, एकामागून एक तीन ठोके. चौथ्याला दत्तूने सुभेदारसाहेबांचा चेहरा पाहिला आणि हात वरच राहिला. म्हातारीच्या हातून चक्र सुटलं होतं. ती दोन्ही कानांवर हात दाबून मातीत बसली आणि "बाळू, खाली पड रं! खाली पड!" असं ओरडू लागली. बँड थांबला नाही, बँड कधी थांबत नाही. त्या ओरडण्याच्या खालून हॉर्न चालूच राहिलं. ठोका कुठून आला हे तिथल्या माणसांत फक्त मला ठाऊक होतं. अठरा हा जुना आकडा होता. आठवडाभर हाताला लागलेला तो आकडा मी पुन्हा लिहून ठेवला होता.

दुपारी बाबा कागदांची फाइल काखेत घेऊन घरी आले. आईने तिळाच्या वड्या थापल्या होत्या, त्यांना कोणी हात लावला नाही. "दत्तू धा बार आदी आला," बाबा म्हणाले. "कर्नलसाहेब लई तापलेत. दत्तू म्हंतोय कागदात अठरा हाय. माज्या कागदात चूक नसती." एवढं बोलून ते तोंड धुवायला मोरीत गेले. मी फाइल उघडली. ढोलाचा कागद सगळ्यात खाली होता आणि त्यावर माझ्या सुंदर अक्षरात अठरा लिहिलं होतं. मी दौत उघडली. एकाचा दोन करायला काय लागतं! वर एक वाकण आणि खाली एक आडवी रेघ. आई चुलीपुढून बघत होती. तिने फक्त मोरीच्या दाराकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, आणि फुंकणी उचलून चूल फुंकायला लागली. तेवढ्यात बाहेर सायकल वाजली. सुभेदारसाहेबांनी फाइल घेऊन ताबडतोब बोलावलं होतं. बाबांनी तोंड पुसत फाइल उचलली आणि जाता जाता खालचा कागद काढून पाहिला. शाई अजून वाळली नव्हती. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, मग माझी बोटं पाहिली. बोटांना शाई होतीच.

"हे कवा केलंस?"

मी मान खाली घातली. आई चुलीपुढून उठली नाही, तिथूनच म्हणाली, "धा म्हैनं हायती फकस्त. त्येंनी तुमास्नी समोर बसवून लिवायला लावलं तर?"

बाबांचा उजवा हात लगालगा हलत होता आणि त्याबरोबर तो कागदही. शेवटी त्यांनी त्या ओल्या आकड्यावर फुंकर घातली, दोनदा, कागद फाइलमध्ये सगळ्यात खाली ठेवला आणि टोपी घालून बाहेर पडले. चूक माझी होती, खोटेपणाही माझाच होता, पण ती फुंकर त्यांची होती. इतकी वर्षं मी माझ्या वाटणीचं तेवढं वेगळं काढून बघत आले आहे आणि ते निघत नाही.

संध्याकाळी ते परत आले तेव्हा आईने विचारलं, काय झालं. "दत्तूनं कबूल केलं," ते म्हणाले. "म्हनला, माजंच मोजायचं चुकलं." आम्हाला नवल वाटलं. आई म्हणाली, एवढ्या गडबडीत त्याला तरी काय आठवणार, कागदात अठ्ठावीस बघून त्याला वाटलं असेल आपलंच चुकलं. मला ते पटलं. पटवून घेण्यात माझा फायदा होता. सुभेदारसाहेबांनी सगळ्यांसमोर म्हटलं म्हणे, "जिसको गिनती नहीं आती, उसका बैंड में क्या काम?" दत्तूची फीत गेली आणि त्याला बँडमधून काढून रायफल कंपनीत पाठवायचं ठरलं. ती कंपनी तेव्हा वर बर्फात होती.

जायच्या आदल्या दिवशी तो आमच्याकडे आला. रविवार नव्हता, तरी आईने भाकऱ्या थापल्या होत्या. सोबत द्यायला ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि संक्रांतीच्या त्या न खाल्लेल्या वड्या. तो आत आला नाही, उंबऱ्याशीच उभा राहिला. दंडावर जिथे फीत होती तिथे कापडाचा रंग जरा गडद दिसत होता. बाबा आतल्या खोलीत हॉर्न घासत बसले होते. फडक्याचा आवाज बाहेर येत होता.

"उस्ताद न्हाईत व्हय?" दत्तूने विचारलं.

आई म्हणाली, "हायती. त्येंचं डोकं दुखतंय."

फडक्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. दत्तू वाकून आईच्या पाया पडला, त्याने पिशवी घेतली, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, आब्यास कर. आन् आकडा बगून लिवत जा." मला वाटलं, तो गणिताबद्दल बोलतो आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला वाटू शकतं असं. मग तो गेला आणि आईने दार लावून घेतलं. बाबांनी त्या दिवशी हॉर्नचं पितळ इतकं घासलं की एका जागी वरचा मुलामा उडाला.

त्यानंतर बाबा दहा महिने बँडमध्ये राहिले. ढोल दुसरा कोणीतरी वाजवू लागला. त्याचा ठोका किंचित उशिरा पडायचा, आणि तो पडला की बाबा घरात असले तर जागच्या जागी थांबत. माझ्याकडून त्यांनी पुन्हा कागद उतरवून घेतले नाहीत. काहीतरी सबब सांगून ते काम त्यांनी दुसऱ्या हवालदाराकडे दिलं, आणि कोणी का म्हणून विचारलंही नाही. म्हणजे इतकं सोपं होतं ते! रविवारचं भरीत बंद झालं. निरोपाच्या चहाला सुभेदारसाहेब म्हणाले की इतक्या वर्षांत या माणसाच्या कागदात एक चूक सापडली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बाबा खाली बघत बसले. आम्ही गावी राहायला गेलोच नाही. बाबांनी मानसरोवरमध्ये दोन खोल्या घेतल्या, कंप दोन्ही हातांत गेला, मग मानेत गेला. शेवटची काही वर्षं त्यांची सगळी पत्रं मी लिहीत असे. ते खुर्चीत बसून सांगत, मी उतरवून घेई. भावाला, भाचीला, पेन्शनच्या हापिसाला. लिहून झालं की ते पुष्कळदा म्हणत, "आनि एक लिवायचं हाय." मी नवा कागद घेई. ते माझ्या हातातल्या पेनाकडे बघत बसत आणि मग म्हणत, "ऱ्हाऊ दे." ते पत्र कोणाला लिहायचं होतं ते मला ठाऊक होतं, आणि ते मला सांगून लिहवता येणार नाही हेही. मी एकदा म्हणायला हवं होतं की बाबा, सांगा, मी लिहिते. मी ते कधी म्हणाले नाही. बाबा गेले, पुढे आई गेली.

मागच्या हिवाळ्यात माझ्या चुलतभावाने फोनवर एक फोटो पाठवला. साताऱ्याकडे कुठेतरी माजी सैनिकांचा मेळावा झाला होता. तिसऱ्या रांगेत फेटा बांधलेला एक म्हातारा होता आणि खाली नावं होती. नंबर मिळवायला मला दोन दिवस लागले आणि लावायला दोन महिने. मालवीय नगरातला क्लास सुटल्यावर, मुलं गेल्यावर, त्याच खोलीत बसून मी एकदाचा तो लावला. नाव सांगितलं. पलीकडून आवाज आला, "उस्तादांची पोरगी? अगं, किती मोठी झाली असशील गं!" मी म्हटलं, साठीला आले, दत्तूदादा. तो हसला. मी ठरवून ठेवलं होतं की इकडचं तिकडचं बोलायचं नाही, नाहीतर धीर जाईल. म्हणून मी सरळ सांगितलं, पतंग, उभ्याने लिहिलेला कागद, दौत, एकाचा केलेला दोन. सांगून झाल्यावर मी विचारलं, "ऐकलंस ना?"

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "सायबानं कागद म्होरं धरला. म्हनला, पढ. मी बगितला. दोनाचं श्येपूट वल्लं हुतं. मी उस्तादांकडं बगितलं. त्येंचा हात खिशात हुता, आन् खिसा हलत हुता."

"मग तू बोलला का नाहीस?"

"काय बोलनार? वैनीच्या हातचं जेवत हुतो दर आयतवारी."

मी विचारलं, वर बर्फात कसं झालं पुढे. तो अगदी सहज म्हणाला की उजव्या हाताची दोन बोटं बर्फाने गेली, जेवता येतं, ट्रॅक्टर चालवता येतो, ढोलाची काठी तेवढी धरता येत नाही. गावच्या जत्रेत पोरं आग्रह करतात, पण काठी फिरते हातात. भिंतीवर मी मुलांसाठी लावलेला तक्ता होता, पाच रेघा, पोकळ गोल, भरलेला गोल, आणि सगळ्यात खाली जाड पट्टी नि तिच्यावरचा आकडा. मी तक्त्याकडे पाठ केली आणि रडले. त्याने रडू दिलं. मग म्हणाला, "तुजा राग न्हाई. तू पोर हुतीस. पर उस्ताद एकदा येतील आसं वाटायचं. गावाकडं आलं की आमच्या फाट्यावरनंच येश्टी जाती. एकदा उतरतील, नुसतं पानी पिऊन जातील, आसं वाटायचं."

बाबा त्या फाट्यावरून कितीदा गेले असतील. आम्ही दर दोन वर्षांनी गावी जायचो आणि त्या फाट्याशी एसटी थांबली की ते डोळे मिटून घेत. मला वाटायचं, त्यांना गाडी लागते.

"किती वर्षं झाली रे या सगळ्याला?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. "मी तर कधी मोजलीच नाहीत."

"मी मोजल्यात," दत्तू म्हणाला, आणि त्याने वर्षं सांगितली, वर किती महिने तेही सांगितलं. फोन ठेवल्यावर मी बोटांवर मोजून पाहिलं. बरोबर होतं.